पिशवीचं ऑपरेशन, मोडलेलं मनगट आणि बारा लिटर दूध: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं आहे. बाईंचं नाव बदललं आहे, गाव सांगितलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. मी आहारतज्ज्ञ म्हणून या प्रकरणात होते. उपचार अस्थिरोगतज्ज्ञांनी ठरवले, व्यायाम फिजिओथेरपिस्टने. घरातलं जेवण बदलण्याचं काम त्या घरातल्या बायकांनीच केलं.

पार्श्वभूमी

सुमनताई ५१ वर्षांच्या. वजन ४६ किलो. लग्नानंतर बारा-तेरा हंगाम नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेल्या. तेहतिसाव्या वर्षी अंगावरून जास्त जातं म्हणून गर्भपिशवी काढली. त्यानंतर कोयता सुटला आणि शिलाई मशीन आलं. आता गावातल्या बायकांचे ब्लाउज, शाळेचे गणवेश, परकर असं सगळं शिवतात. मशीन माजघरात, खिडकीशी. सकाळी भाकरी थापून झाली की दिवे लागेपर्यंत त्या तिथेच बसलेल्या असतात.

घरात मुलगा, सून, पाच वर्षांचा नातू. घर माळकरी, म्हणजे अंडी-मटणाचा प्रश्नच नाही. दारात एक म्हैस, पण दूध डेअरीला जातं. नातवासाठी एक वाटी आणि चहापुरतं तेवढं घरात राहतं.

एका पावसाळ्यात ओल्या शहाबादी फरशीवर पाय सरकला, पडताना उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. पडल्या त्या उभ्या उंचीवरून, कुठून वरून वगैरे नाही. प्लास्टर झालं, गोळ्या मिळाल्या, सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. एरवी प्रकरण इथेच मिटतं, बहुतेकींचं मिटतंच.

अडचण नेमकी काय होती

प्लास्टर काढायला आल्या तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, "पाठ दुखते का?" त्या म्हणाल्या, "वर्षं झालं की. मशीनवर बसून बसून दुखतीच." वर्षभरात या दुखण्यासाठी त्यांनी मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणल्या होत्या. त्या गोळ्यांनी जळजळ व्हायला लागली म्हणून रोज सकाळी ॲसिडिटीची गोळीही सुरू झाली आणि ती सुरूच राहिली. सून म्हणाली, "आत्याबाईंना फडताळातल्या वरच्या फळीवरचा डबा आता पुरत नाही. आधी पुरायचा."

हे वाक्य महत्त्वाचं ठरलं. पन्नाशीतल्या बाईची उंची कमी होत असेल तर मणक्याचा एक्स-रे काढायलाच हवा. तो काढला. पाठीचा बारावा मणका पुढच्या बाजूने दबलेला होता. म्हणजे मनगट हा पहिला अस्थिभंग नव्हता. पहिला केव्हाच होऊन गेला होता आणि त्याला वर्षभर मशीनचं दुखणं समजून गोळ्या दिल्या गेल्या.

शहरात जाऊन डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी केली. निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली हाडं किती खाली आहेत, ते त्यातला टी-स्कोअर सांगतो. कमरेच्या मणक्यांचा तो उणे ३.१ आला, खुब्याचा उणे २.३. उणे १ ते उणे २.५ या पट्ट्यात हाडं विरळ झाली असं म्हणतात, उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. 'ड' जीवनसत्त्व ११ नॅनोग्रॅम होतं, २० च्या खाली म्हणजे कमतरता. हिमोग्लोबिन ९.८.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी गावात हाडांच्या तपासणीचं मोफत शिबिर झालं होतं. टाच एका यंत्रात ठेवून 'हाडं ठिसूळ आहेत' असा कागद सुमनताईंना मिळाला होता आणि सोबत पावडरीचा महागडा डबा विकत घ्यायला लावला होता. टाचेच्या यंत्रातून फार तर पुढची तपासणी करायची की नाही हे कळतं. त्यावर निदान होत नाही, उपचार ठरत नाहीत. डबा संपला, दुसरा आणला, आणि हाडांसाठी जे करायचं ते आपण करतोय या समजात दोन वर्षं गेली.

जो प्रश्न कुणी विचारला नव्हता

५१ व्या वर्षी इतकी झीज का? आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ च्या आसपास जाते. अंडाशयांतून येणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की हाड झिजवणाऱ्या पेशींवरचा लगाम सुटतो आणि पहिली पाच-सात वर्षं झीज सर्वांत वेगाने होते. त्या हिशेबाने सुमनताईंची हाडं एवढी खालावायला नको होती.

पिशवी काढल्याचं त्यांनी सांगितलं होतं. पण पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का, हे त्यांनाच माहीत नव्हतं. "सगळं साफ केलं म्हणले," एवढंच त्यांना आठवत होतं. मग सुनेनं लोखंडी पेटी उपसली. लग्नातल्या शालूच्या घडीखाली डिस्चार्ज कार्ड सापडलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यावर स्पष्ट लिहिलं होतं: गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली. तेहतिसाव्या वर्षी. म्हणजे निसर्गाने जे तेरा-चौदा वर्षांनी केलं असतं, ते एका दुपारी झालं.

ऑपरेशननंतर महिन्याभरात अंगातून वाफा निघायच्या, रात्री घामाने झोप मोडायची, हे त्यांना अजून आठवतं. कुणी सांगितलं नाही की ही पाळी जाण्याचीच लक्षणं आहेत आणि आता हाडांकडे बघावं लागेल. इतक्या लहान वयात अंडाशयं काढली आणि हरकतीचं दुसरं कारण नसेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन देण्याचा सल्ला दिला जातो. त्यांच्याशी तो विषयच कुणी काढला नाही.

ही एकट्या सुमनताईंची गोष्ट नाही, म्हणून मी या भागावर थांबते आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांपैकी ज्यांची अंडाशयंही गेली, त्या आता चाळिशी-पन्नाशीत येत आहेत. त्यांची मनगटं, मणके, खुबे पुढच्या काही वर्षांत दवाखान्यात येतील. आल्यावर प्लास्टर करून परत पाठवायचं की कार्ड बघायला मागायचं, हे आपल्या हातात आहे.

निदान पक्कं करण्याआधी डॉक्टरांनी थायरॉइड, क्रिएटिनिन, रक्तातलं कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फेटेज तपासलं आणि मणका कर्करोगाने खचलेला नाही ना, यासाठीच्या रक्तचाचण्याही केल्या. सांधेदुखीच्या पुड्या कधी घेतल्या का, हेही खोदून विचारलं, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि ते हाडं पोखरतं. ते काही नव्हतं.

ताटात काय होतं

मी आदल्या दिवशीचं खाणं विचारलं. सकाळी चहा, दहाला भाकरी, कालवण आणि ठेचा, दुपारी चहा, चारला पुन्हा चहा, रात्री भाकरी-वरण. दिवसाला तीन भाकरी. चहातलं दूध धरून दिवसभरात ७० मिलिलिटर. कॅल्शियम जेमतेम २५० ते ३०० मिलिग्रॅम होत होतं. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत पाळी गेलेल्या बाईसाठी दिवसाला १२०० मिलिग्रॅम सांगितलं आहे. प्रथिनं ३२ ग्रॅमच्या आसपास, हवी होती निदान ४६. हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो, कॅल्शियम त्यावर बसतं. नुसत्या कॅल्शियमवर बोलणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवं.

एकादशीला ताट आणखी रिकामं. साबुदाणा आणि चहा.

पुढे आलेले पर्याय

आहारासाठी घरात तीन सूचना आधीच आलेल्या होत्या. जावेचं म्हणणं, रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकातून घ्यावा. पुण्यातल्या भाच्याने सांगितलं, नाचणी खा. डॉक्टरांनी लिहून दिल्या होत्या दिवसाला दोन कॅल्शियमच्या गोळ्या.

चुना आम्ही सरळ नको म्हटला. त्यात कॅल्शियम असतं हे खरं, पण मापाचा भरवसा नाही, तो दाहक असतो आणि या बाईंच्या पोटात आधीच जळजळ. नाचणीची गोष्ट वेगळी. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, उत्तम धान्य आहे. पण ते कोकणात आणि घाटमाथ्यावर घरचं. या गावात ते तालुक्याच्या दुकानात पाकिटात मिळतं, ज्वारीच्या कितीतरी पट भावाने. महिनाभर आणून बंद पडणाऱ्या गोष्टीवर बेत उभा करण्यात मला अर्थ दिसत नव्हता. घरात होते तीळ, कारळे, हुलगे, हरभरा, परसात शेवगा, बांधावर तांदुळजा. आणि दारात म्हैस.

औषधासाठी डॉक्टरांनी चार वाटा मांडल्या. एक, आहार, ऊन आणि व्यायामावर राहायचं. दोन, हाडांची झीज रोखणारी अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी, आठवड्याला एक. तीन, त्याच कामाची झोलेड्रोनिक ॲसिडची सलाइन, वर्षाला एकदा. चार, नवं हाड बांधायला लावणारी टेरिपॅराटाइडची रोजची सुई.

पहिली वाट सुमनताईंना आवडली होती. "खाऊन बरं होत असंल तर कशाला सुई?" हा प्रश्न रास्त होता आणि उत्तर प्रामाणिक द्यायला हवं होतं. मणका एकदा दबला की पुढचा दबण्याचा धोका बराच वाढतो. आहाराने पाया मिळतो, पण अठरा वर्षांची झीज नुसत्या दुधाने भरून येत नाही. आहारतज्ज्ञ म्हणून हे मीच त्यांना सांगितलं, कारण माझ्याकडून ऐकल्यावर त्यांना ते पटण्याची शक्यता जास्त होती.

आठवड्याची गोळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही. अन्ननलिकेला त्रास देणारी ती गोळी जळजळीच्या रोग्याला सोसत नाही. रोजची सुई खर्चाची आणि फ्रीजमध्ये ठेवायची, घरात फ्रीज नव्हता. हार्मोन सुरू करण्याची वेळ केव्हाच टळून गेली होती. त्यामुळे वर्षाची सलाइन ठरली, पण लगेच नाही. 'ड' जीवनसत्त्व कमी असताना ती दिली तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं. म्हणून आधी 'ड', मग सलाइन. त्याआधी दातांची तपासणीही, कारण या औषधानंतर दात काढावा लागला तर जबड्याचं हाड भरून यायला क्वचित अडचण येते. एक किडलेली दाढ आधीच काढून घेतली.

प्रत्यक्ष काय केलं

६० हजार युनिटची 'ड' जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, नंतर महिन्याला एक. ही पुडी रोज घेणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यातून रक्तातलं कॅल्शियम वाढून रोगी अत्यवस्थ होतो. म्हणून वार नेमला, गुरुवार, आणि कॅलेंडरवर नातवाने खुणा करायच्या.

उन्हाबद्दलचा समज बदलावा लागला. सुमनताई म्हणायच्या, सकाळी झाडताना कोवळं ऊन मिळतं की. पण कोवळ्या उन्हात 'ड' तयार करणारे किरण फारसे नसतात आणि खिडकीच्या काचेतून तर ते आत येतच नाहीत. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन कामाचं. अकराच्या सुमारास वीस-पंचवीस मिनिटं, हात कोपरापर्यंत उघडे ठेवून, शिवलेल्या कपड्यांना काज-बटण करायचं काम अंगणात न्यायचं ठरलं.

दुधाचा निर्णय सगळ्यांत अवघड होता. मी ४०० मिलिलिटर मागत होते, पेलाभर पिण्यासाठी आणि उरलेल्याचं दही लावून ताक. म्हणजे महिन्याला बारा लिटर दूध डेअरीला कमी जाणार. मुलगा गप्प झाला. तेव्हा सुनेने नातवाच्या वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले. एकीकडे बारा लिटरचे पैसे, दुसरीकडे पावडरीचा डबा, दुखण्याच्या गोळ्या, ॲसिडिटीच्या गोळ्या. वही तिने नवऱ्यापुढे सरकवली. दोन रकान्यांत फारसा फरक नव्हता. "डबा बंद करू, दूध ठेवू," ती म्हणाली. या प्रकरणातला निर्णायक क्षण मला तोच वाटतो, दवाखान्यातला कुठलाही नाही.

साय काढली तर दुधातलं सत्त्व जातं, ही भीतीही तेव्हाच निघाली. साय काढल्याने कॅल्शियम जात नाही, आणि तुपात ते नसतंच. साय तुपासाठी राहिली, दूध सुमनताईंना.

बाकी ताट असं बसलं: तीळ-कारळ्याची चटणी रोज, त्यात तीळ निदान दोन चमचे. ठेच्यातलं मीठ निम्मं, कारण जास्त मीठ लघवीतून कॅल्शियम बाहेर काढतं. आठवड्यातून तीनदा हुलग्याचं माडगं किंवा उसळ, एरवी भिजवलेला हरभरा. शेवग्याचा पाला डाळीत. पालकातलं कॅल्शियम त्याच्यातल्याच ऑक्झलेट या घटकामुळे अंगी लागत नाही, तेव्हा त्यावर भिस्त नको. एकादशीला भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि दूध. साबुदाणा कधीतरी. अशा आहारातून कॅल्शियम ८०० मिलिग्रॅमच्या घरात गेलं. म्हणून डॉक्टरांशी बोलून दोनऐवजी एकच गोळी ठेवली, तीही रात्रीच्या जेवणाबरोबर. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम, आणि एका वेळी त्याहून जास्त शरीर नीट घेतही नाही. लोहाची गोळी सकाळी, लिंबाच्या पाण्याबरोबर, चहापासून तासभर दूर. दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या तर कॅल्शियम लोहाला अडवतं. ॲसिडिटीची गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. ती वर्षानुवर्षं घेतल्याने अस्थिभंगाचा धोका वाढू शकतो, शिवाय कार्बोनेट पचायला पोटात आम्ल लागतं.

फिजिओथेरपिस्टने पाठ सरळ करणारे व्यायाम, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, ओटा धरून टाचा उचलणं, भिंतीला हात लावून रेटणं, एका पायावर उभं राहणं एवढंच दिलं. कमरेतून पुढे वाकण्यावर सक्त बंदी. गावात योगवर्ग सुरू झाला होता, तिथे पश्चिमोत्तानासन आणि सूर्यनमस्कार घेत होते. दबलेल्या मणक्याला ते घातक, म्हणून नको म्हटलं. लांब दांड्याचा झाडू आणला. डोक्यावरचा हंडा बंद झाला. न्हाणीतल्या फरशीवर टाके मारून घेतले, उंबऱ्यापाशी रात्रीचा दिवा लावला.

सलाइन तिसऱ्या महिन्यात दिली. दोन दिवस ताप आणि अंगदुखी आली. पहिल्या वेळेला ती बऱ्याचजणांना येते. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घरात घबराट झाली नाही.

वारीचा प्रश्न

आषाढ जवळ आला तशी सुमनताईंनी विचारलं, "दिंडीत जाऊ का?" डॉक्टरांचं पहिलं उत्तर 'नको' होतं. त्यावर चर्चा झाली. चालणं हाडांना हवंच असतं, आणि अठरा-वीस वर्षं चुकवलेली नाही ती वारी एकदम बंद केली तर बाई घरात बसून खचेल, त्याचीही किंमत मोजावी लागते. धोका चालण्यात कमी होता. चिखलात घसरणं, डोक्यावर बोचकं, रात्री जमिनीवरून घाईने उठणं, आणि फुगडी, यांत तो जास्त होता. शेवटचे चार मुक्काम चालायचे, सामान टेम्पोत, पायात पट्ट्याचे पक्के बूट, हातात काठी, फुगडी बघायची. त्यांनी सगळं मान्य केलं आणि पाळलंही.

निष्पत्ती

दोन वर्षांनी 'ड' जीवनसत्त्व ३४, हिमोग्लोबिन ११.६, वजन ४९ किलो. त्याच यंत्रावर केलेल्या डेक्सात मणक्यांचा टी-स्कोअर उणे ३.१ वरून उणे २.८ झाला, खुब्याचा जागेवर राहिला. यंत्र बदललं की आकड्यांची तुलना करता येत नाही, म्हणून लांब पडत असूनही त्याच केंद्रात पाठवलं. नवा अस्थिभंग नाही. सुरुवातीला अर्ध्या मिनिटात खुर्चीतून सहा वेळा उठता येत होतं, आता अकरा वेळा. वेदनाशामक गोळी क्वचित लागते.

सगळं जमलं असं नाही. एप्रिल-मेमध्ये अकराचं ऊन सोसत नाही, तेव्हा अंगणातलं काम बंदच पडतं आणि त्या महिन्यांत पुडीवर भागवावं लागतं. लग्नसराईत शिलाईचा ढीग येतो तेव्हा व्यायाम सुटतो. म्हैस आटली त्या काळात दूध दोन महिने निम्म्यावर आलं. दुसरी सलाइन पैशाअभावी चार महिने लांबली. चारचा चहा आहे तसाच आहे आणि मी त्याच्या मागे लागले नाही.

काय वेगळं करता आलं असतं

वर्षभराच्या पाठदुखीचा एक एक्स-रे आधी निघाला असता तर मनगट कदाचित वाचलं असतं. उंची मोजायला भिंतीवर एक पट्टी पुरते. पण ती पट्टी दवाखान्यात लहान मुलांसाठी असते, पन्नाशीतल्या बाईला कुणी तिथे उभं करत नाही.

आहाराच्या पहिल्या भेटीला सून बाहेर बाकावर बसली होती. स्वयंपाक, दूध आणि पैसा यांचा हिशेब तिच्याकडे असताना पहिले दोन आठवडे बेत कागदावरच राहिला. घरात चूल कुणाच्या हातात आहे हे पहिल्याच दिवशी विचारलं तर तेवढा वेळ वाचतो. दुभती म्हैस कधी आटणार हेही आधी विचारून त्या महिन्यांसाठी गोळी वाढवून ठेवता आली असती.

आणि ते डिस्चार्ज कार्ड. आता आमच्याकडे मनगट किंवा मणका मोडून आलेल्या पन्नाशीच्या आतबाहेरच्या प्रत्येक बाईला पिशवीच्या ऑपरेशनबद्दल आणि अंडाशयांबद्दल वेगवेगळे प्रश्न विचारले जातात, आणि कागद आणायला सांगितला जातो. ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालं आहे अशा तरुण बायकांना घरी जाण्यापूर्वी हे सांगण्याची सोय मात्र अजून कुठे नीट बसलेली नाही.

सुमनताईंची तिसरी सलाइन येत्या दिवाळीनंतर आहे. त्यानंतर पुन्हा डेक्सा होईल आणि औषध काही काळ थांबवायचं की चालू ठेवायचं ते ठरेल. मणका आधीच मोडलेला असल्याने डॉक्टरांचा कल चालू ठेवण्याकडे आहे. सुनेने त्यासाठीचे पैसे भिशीत बाजूला टाकायला सुरुवात केली आहे, आणि स्वतःसाठीही रोज एक पेला दूध काढून ठेवायला.